गावात निर्वासितांसाठी कंटेनर येणार, मंगळवारी सभा आहे. जाऊ का, आणि काय बोलू?

उल्मजवळची_आई

नमस्कार लोकहो, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही जर्मनीत ७ वर्षं, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये उल्मच्या जवळ एका छोट्या गावात राहतो. नवरा गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत, मी अर्धवेळ सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. २०२३ च्या हिवाळ्यात आमच्या गावातला टुर्नहाले म्हणजे शाळेचा जिमचा हॉल निर्वासितांना दिला होता. पोरीचं दर गुरुवारी ४ ला किंडरटुर्नन म्हणजे लहान मुलांचा व्यायामाचा क्लास असायचा, एक दिवस गेलो तर दारावर कागद, पुढची सूचना येईपर्यंत बंद. आत डोकावलं तर कोर्टाच्या रंगीत पट्ट्यांवर प्लायवूडचे खोके केलेले, दारांच्या जागी चादरी, आणि बास्केटबॉलच्या रिंगला कोणीतरी लहान मुलाचा पायजमा वाळत घातलेला. मला तेव्हा वाईटही वाटलं आणि खरं सांगते रागही आला, कारण तो हॉल पुढे ८ महिने बंदच होता.

आता परत तोच विषय आलाय. फुटबॉल ग्राउंडच्या मागच्या जागेवर ६० लोकांसाठी कंटेनर टाकायचे म्हणतायत, मंगळवारी गावची सभा आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या तूपण ये, तू तर टॅक्स भरतेस. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यावरून दोन तट पडले, एक जण म्हणाला सीमा बंद करा सगळी, दुसरी म्हणाली आपण स्वतः परदेशी आणि आपण कुठल्या तोंडाने बोलायचं, चिवड्याची डिश हातात धरून अर्धा तास भांडले. मला एवढंच कळत नाहीये की बातम्यांत तर सांगतात येणाऱ्यांचा आकडा कमी झाला, मग नवीन कंटेनर कशाला? आणि पैसा नक्की कोणाचा जातो? आणि सभेत मी काही बोलावं का गप्प बसून ऐकावं?

म्युनिकचा_जुना_पापी

ताई जा सभेला. मी २०१५ ला म्युनिकला मास्टर्स करत होतो, सप्टेंबरचा तो पहिला वीकेंड मी हाउप्टबानहोफवर म्हणजे मुख्य स्टेशनवर होतो (माझी ट्रेन होती, समाजसेवा नाही). हंगेरीकडून ऑस्ट्रियामार्गे गाड्या येत होत्या, दोन दिवसांत २० हजारांच्या आसपास लोक उतरले, आणि स्टेशनवर जर्मन लोक चक्क टाळ्या वाजवत होते, लहान पोरांना टेडी देत होते. त्याच्या आठवडाभर आधीच तेव्हाच्या चान्सलर मॅर्कलबाईंचं ते वाक्य आलेलं, आपण हे करून दाखवू. त्या अख्ख्या वर्षात ८ लाख ९० हजार लोक आले. आणि १० वर्षांनी फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडीला, म्हणजे निर्वासितांना विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या पक्षाला, २०.८ टक्के मतं पडली, दोन नंबरचा पक्ष. टाळ्या वाजवणारे आणि मत देणारे वेगळे असतील असं मला अजिबात वाटत नाही, काही जण तरी तेच असणार.

बाकी सीमा बंद करा म्हणणाऱ्या भाऊंना सांगा की सीमेवर चेकिंग ऑलरेडी आहे. ऑस्ट्रियाच्या बाजूला २०१५ पासून, सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर १६ सप्टेंबर २०२४ पासून. मी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून परत येताना सीमेवरच्या फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढतात, अख्ख्या डब्यात मला आणि एका आफ्रिकन बाईला कागद विचारतात, बाकीचे सुडोकू सोडवत असतात. एकदा ब्लू कार्डचं (शिकलेल्या नोकरदारांचा राहण्याचा परवाना) प्लॅस्टिक होतं पण पासपोर्ट घरी, २० मिनिटं प्लॅटफॉर्मवर उभा केला. त्यामुळे "सीमा टाइट करा" म्हणताना आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं की त्या चाळणीत आपण पण अडकतो.

हिशोबनीस_फ्रांकफुर्ट

मी अकाउंट्समधला माणूस, भावनांवर बोलत नाही, पैशांवर बोलतो.

आश्रयासाठी पहिल्यांदा अर्ज करणारे २०२३ ला ३ लाख २९ हजार होते, २०२४ ला २ लाख ३० हजार, २०२५ ला त्याहून बरेच कमी. म्हणजे बातमी खरी आहे. पण ताई, तुमच्या गावातले कंटेनर नवीन येणाऱ्यांसाठी असतीलच असं नाही. तुमच्या राज्यात पद्धत अशी की माणूस आधी राज्याच्या सेंटरला, मग लांडक्राइस म्हणजे जिल्ह्याच्या ताब्यात, आणि तिथली मुदत संपली की गावाच्या गळ्यात. गावाला नाही म्हणता येत नाही. आता ज्यांना २ वर्षांपूर्वी आश्रय मिळाला ते कागदोपत्री मोकळे आहेत, फ्लॅट घेऊन जाऊ शकतात, पण फ्लॅट आहे कुठे? तुम्हाला तरी किती महिन्यांत मिळाला होता आठवा. मग ते लोक तिथेच राहतात, खोली अडते, वरून जिल्हा पुढचे पाठवतो, की गाव कंटेनर मागवतं. नळ बंद केला तरी बादली भरलेलीच आहे.

पैशाचं म्हणाल तर दिल्लीने ठरवायचं आणि ग्रामपंचायतीने निस्तरायचं, तसंच इथे बर्लिनचं. केंद्र राज्यांना २०२४ पासून पहिल्या अर्जामागे ७५०० युरो देतं, एकरकमी. मग राज्य ते खाली किती सोडतं यावर वर्षभर रडारड. केंद्राचा निर्वासितांशी संबंधित एकूण खर्च २०२३ ला साधारण ३० अब्ज युरो होता, पण त्यात परदेशात केलेली मदतही धरलेली आहे. आकडा मोठा आहेच, पण आपल्या सॅलरी स्लिपमध्ये जे कापलं जातं त्यातला मोठा भाग पेन्शन आणि हेल्थ इन्शुरन्सचा असतो, आणि पेन्शन फंडात सरकार टॅक्समधून वर्षाला १०० अब्जांच्या वर वेगळे ओततं. शेजारच्या आजींना हे सभेत सांगू नका मात्र 😀

हाताला मिळणारी रक्कम: अर्ज पेंडिंग असलेल्या एकट्या माणसाला २०२५ मध्ये महिन्याला ४४१ युरो, ब्युर्गरगेल्ड म्हणजे इथला नेहमीचा बेकारी-गरजूंचा भत्ता घेणाऱ्याला ५६३. युक्रेनवाल्यांना जून २०२२ पासून थेट दुसऱ्या रांगेत घातलं, एप्रिल २०२५ नंतर आलेल्यांना परत पहिल्या रांगेत टाकायचं सरकारने ठरवलंय. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी कॅशऐवजी पेमेंट कार्ड, बायर्नमध्ये (म्युनिकचं राज्य) त्यातून महिन्याला ५० युरोच रोख काढता येतात.

कडक_रस्सा

सगळे आकडे बरोबर आहेत हो पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. झोलिंगेन, ऑगस्ट २०२४. शहराच्या जत्रेत ३ माणसं चाकूने मारली. जो होता तो सीरियाचा, डब्लिन नियमाप्रमाणे त्याला बल्गेरियाला परत पाठवायचं ठरलेलं होतं, न्यायला गेले तेव्हा तो जागेवर नव्हता, पुढे मुदत उलटून गेली आणि तो इथेच राहिला. म्हणजे नियम होता, ऑर्डर होती, फक्त अंमलबजावणी नव्हती. डब्लिनचा साधा अर्थ काय, ज्या देशातून युरोपात शिरलात तिथे अर्ज करा. जर्मनीच्या चारी बाजूंनी युरोपच आहे, मग इथे एवढे आले कसे? कारण कोणी पाळतच नाही.

मी इथे ब्लू कार्डवर आलो, डिग्री अटेस्ट केली, पुण्यात रोज संध्याकाळी जर्मनचा क्लास केला, व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी ४ महिने रिफ्रेश बटण दाबत बसलो. आणि आता पीआरसाठी फॉरेनर्स ऑफिसला मेल टाकलाय त्याला ११ महिने झाले, उत्तर नाही, का तर म्हणे लोड आहे. मग मला चीड येणार नाही का? माणुसकी बिणुसकी ठीक आहे पण नियमाने येणारा बाहेर उभा आणि बिननियमाचा आत, हे कसं चालेल.

जर्मनच्या_बाई

कडक रस्सा, तुमची चीड मला समजते, अपॉइंटमेंटच्या बाबतीत तर मी तुमच्या बाजूने आहे. झोलिंगेनच्या बाबतीतही, तिथे यंत्रणा झोपली होती हे सरळ आहे. पण त्यावर उपाय म्हणून मे २०२५ पासून सीमेवर अर्ज न घेताच परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा २ जूनला बर्लिनच्या कोर्टाने ३ सोमाली लोकांच्या केसमध्ये सांगितलं की हे कायद्यात बसत नाही, आधी डब्लिनची प्रक्रिया करा. म्हणजे तुमचाच डब्लिन. सरकार म्हणालं ही फक्त त्या तिघांची केस, आणि चालूच ठेवलं. पाळत कोणीच नाही, हे दोन्हीकडून खरं आहे.

मी पुण्यात जर्मन शिकवायचे, आता इथे नॉर्डराइन-वेस्टफालनमध्ये इंटिग्रेशन कोर्स घेते. ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती. माझ्या वर्गात एक सीरियन गृहस्थ आहेत, अलेप्पोला त्यांचं शिवणकामाचं युनिट होतं, ८ मशीन. इथे आल्यावर सुरुवातीला कामाची बंदी, सेंटरमध्ये असेपर्यंत ती ६ महिन्यांपर्यंत चालते (आधी ९ होती), मग मुलाखतीची वाट, मग कोर्सच्या जागेची वाट. ते मला म्हणाले बाई मी आयुष्यात एवढा कधी झोपलो नव्हतो. पहिल्या दिवशी माझ्या कोटाची उसवलेली शिवण बघून बेचैन झाले, ब्रेकमध्ये खिशातून सुईदोरा काढून शिवूनच दिली. लोक म्हणतात हे बसून खातात. अहो, बसवलंय आपण.

२०१५ ला जे आले त्यांच्यातले २०२४ पर्यंत ६४ टक्के नोकरीत होते, एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण ७० च्या आसपास आहे. म्हणजे ९ वर्षांत जवळपास पोचले. पण त्यात एक मेख आहे जी दोन्ही बाजूचे लोक सोयीस्कर विसरतात, पुरुष ७६ टक्के आणि बायका फक्त ३५. माझ्या वर्गातल्या बायकांना घरचे येऊ देत नाहीत असं नाही (काहींच्या घरी असतंही तसं, उगाच खोटं कशाला बोलू), पण किटामध्ये म्हणजे पाळणाघर-बालवाडीत मुलाला जागा नाही मग आई कोर्सला येणार कशी. हा प्रश्न उल्मजवळच्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

कॅम्प_नंबर_३

मी इंडियातून लिहितोय, चालेल ना? मी उल्हासनगरचा सिंधी, शिकलो मराठी शाळेत. आमचं अख्खं शहरच निर्वासितांचं. दुसऱ्या महायुद्धातल्या मिलिटरीच्या बराकी कल्याणजवळ रिकाम्या पडल्या होत्या, फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी तिथे आणून टाकले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर नाव दिलं. आजी सांगायची एका बराकीत १० कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. ताई तुमच्या हॉलमधल्या त्या चादरी वाचून तेच आठवलं. आजही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतो, रिक्षावाल्याला दुसरं काही कळतच नाही.

आणि खर्चाचं म्हणाल तर आजोबांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात १९७२ ची पाकिटं आहेत, प्रत्येकावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं एक जास्तीचं तिकीट, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. तेव्हा १ कोटीच्या आसपास लोक आलेले, नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ पर्यंत पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाने ते ५ पैसे भरले. आजोबा स्वतः निर्वासित आणि ते पण भरत होते, कुरकुरत भरत होते असं आजी म्हणायची.

कडक_रस्सा

भाऊ मान आहे, पण तुमचे लोक आपलेच होते ना, त्यांना परत जायला जागाच नव्हती. आणि बांगलादेशवाले बहुतेक युद्ध संपल्यावर परत गेले. इथे सीरियाचा हुकूमशहा असद डिसेंबर २०२४ ला पळाला, परत किती गेले?

कॅम्प_नंबर_३

आपलेच होते हे आता ७५ वर्षांनी म्हणतायत सर. आजीला तेव्हा कल्याणच्या बाजारात पाणी प्यायला ग्लास देत नव्हते, ओंजळीत ओतायचे. परत जाण्याबद्दल तुमचा प्रश्न बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच, ज्याची पोरं इथल्या शाळेत चौथीत गेली तो परत जाताना दहादा विचार करणार, तुम्ही नाही करणार?

म्युनिकचा_जुना_पापी

रस्सा, एक गोष्ट मात्र विसरू नकोस. तुझं अपॉइंटमेंटचं जे आहे ते निर्वासितांमुळे कमी आणि ऑफिसात माणसंच नाहीत म्हणून जास्त. ऑक्टोबर २०२४ ला तेव्हाच्या सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करू म्हणून जाहीर केलं. ते ९० हजार पण त्याच एका खिडकीवर येणार आहेत, तीच बाई, तोच फॅक्स.

कडक_रस्सा

फॅक्सचं मात्र पटलं.

उल्मजवळची_आई

बुधवार सकाळ. काल जाऊन आले, दोन्ही बाजूंनी एवढं सांगितलंत म्हणून लिहिते. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा, बसायला जागा नाही इतकी गर्दी. महापौर बाई बिचाऱ्या घामाघूम. एक काका उठून म्हणाले आमच्या बायकामुलींचं काय, त्यावर टाळ्या, मग एक पाद्री उठले, त्यावर पण टाळ्या, आणि मला वाटतं माझ्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाने दोन्ही वेळा वाजवल्या.

मी हात वर केला, पाय थरथरत होते, जर्मनमधले आर्टिकल सगळे चुकले. हिशोबनीसांनी सांगितलेलं विचारलं, की या ६० पैकी नवीन किती आणि आधीपासून गावात असलेले किती. महापौर बाईंनी कागद चाळला आणि म्हणाल्या ४१ जण आधीपासून इथलेच आहेत, भाड्याच्या जुन्या हॉटेलात ठेवलेत, मालकाचा करार संपतोय. हॉल एकदम शांत झाला. मग जर्मनच्या बाईंचा प्रश्न विचारला, की यांच्या मुलांसाठी किटामध्ये जागा वाढवणार का. त्यावर मात्र गावातल्या आयाच उठल्या, आमच्याच पोरांना जागा नाही, तुम्ही कुठून देणार, आणि पुढचा पाऊण तास निर्वासित बाजूला राहिले, किटावरच भांडण. शेजारच्या आजी घरी येताना म्हणाल्या, तू छान बोललीस, पण कंटेनर मला तरीही नकोत.

मतदान पुढच्या महिन्यात आहे, गावच्या परिषदेत, आपल्याला त्यात हात नाही. टुर्नहाले मात्र या वेळी देणार नाही असं लेखी घेतलंय. पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, मग ते लोक कुठे झोपणार?