छोट्या बागेसाठी हापूस नको, आम्रपाली बघा

ताई, तुम्ही विचारलंय की कोथरूडला बंगल्यामागे दहा-बारा फुटांचीच जागा आहे तर हापूस लावू का, तर माझं स्पष्ट मत, नका लावू. झाड मोठं होतं, एक वर्षाआड फळ, त्यात साका (म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं), आणि भुरी या बुरशीच्या रोगाला तर लगेच बळी पडतं. आम्रपाली बघा, दशहरी आणि नीलमचा संकर, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा, बागायतीत अडीच मीटरवर लावतात एवढं बुटकं राहतं आणि दरवर्षी धरतं. गर गडद केशरी, गोडीला तोड नाही. फक्त येतो उशिरा, पावसाच्या तोंडावर, त्यामुळे फळमाशीकडे लक्ष ठेवा. हापूसची चवच हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका होत नाही, पण झाड छाटून आवरावं लागतं.

रोग अजिबात येत नाही अशी जात कुणी नर्सरीवाला सांगत असेल तर विश्वास ठेवू नका हो. पुण्यात जानेवारीत ढगाळ हवा आली की मोहोरावर पिठासारखी पांढरी भुरी दिसते, मग तो काळपटतो आणि गळतो. दिसली की लगेच पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारायचं. पानं चिकट लागली तर तुडतुडे (रस शोषणारे किडे) आलेत समजा. फळं उतरवली की मधल्या फांद्या विरळ करा, आत ऊन-वारा खेळला की निम्मा त्रास तिथेच कमी होतो. आणि कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो ताबडतोब काढा, नाहीतर ज्यावर कलम बांधलंय तो खालचा रायवळ, म्हणजे कोयीचा साधा आंबाच, वाढत बसतो.