मी कमी बोलते. नर्सिंगला जाऊ का?

चाफेकळी:
आजी ५ महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्या माकडहाडावरच्या बेडसोअरचं ड्रेसिंग मी करायचे. वास यायचा, पण किळस कधी आली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचं घरी येणाऱ्या सिस्टरनी शिकवलं आणि तेव्हापासून नर्सिंग डोक्यात बसलंय. घरचे म्हणतात, चार माणसांत तोंड उघडत नाहीस, पेशंट काय सांभाळणार? सगळ्याच नर्सेसना सतत बोलावं लागतं का?

रातपाळी:
वॉर्डात १४ वर्षं झाली मला. गोड बोलण्यापेक्षा बघणं जास्त लागतं गं. एकदा नाइटला एक काका होते. बीपी ठीक, ताप नाही, विचारलं तर "काही नाही सिस्टर". पण चादर सारखी पायानं ढकलत होते. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. २८ भरले. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. (श्वास न मोजताच १८ लिहून टाकणारे भरपूर आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे.) डॉक्टरांना उठवलं, पहाटेपर्यंत काका आयसीयूत.
तू कमी बोल, चालेल. पण रात्री तीनला फोन करून "तुम्ही आत्ता येऊन बघा" हे म्हणता आलं पाहिजे.

कात्री_कुठाय:
मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रबला असतो, सर्जनच्या हातात अवजारं द्यायला. इथे पेशंट भुलेत, गप्पांचा प्रश्नच नाही. पण स्पंज, सुया, अवजारं सुरुवातीला मोजायची आणि पोट शिवण्याआधी पुन्हा. एकदा एक स्पंज कमी भरला. सर्जन म्हणाले, परत मोज. परत कमीच. "सर, क्लोज करू नका" म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. सापडला तो स्टुलाखाली, कुणाच्या तरी बुटाला चिकटून तिथे गेलेला.
डायलिसिसचं काम निराळं. एकेक बैठक चारेक तासांची आणि आठवड्याला बहुतेक तीनदा तीच माणसं. कमी बोलणाऱ्यालाही ओळख होते.

सोडलेली:
मी ३ वर्षांत बाहेर पडले. रक्त, लघवी, उलटी, कशाचंच काही वाटलं नाही. दिवसा झोप यायची नाही, त्यानं घात केला. शिवाय आजी एकच होती, हे लक्षात घे. वॉर्डात एकाचं सलाईन संपलेलं, दुसऱ्याला बेडपॅन हवंय आणि तिसऱ्याचे नातेवाईक काउंटरवर ओरडतायत, हे सगळं एकाच मिनिटाला. परवानगी मिळाली तर एखाद्या सिस्टरबरोबर पूर्ण पाळी उभी राहून बघ. भेटायच्या वेळेत जाऊन काही कळत नाही.

चाफेकळी:
पाळी बघायचं विचारते. पण ताई, खरं सांगू? मला त्या रात्रीच्या फोनचीच धास्ती वाटली.

रातपाळी:
मलाही वाटायची. अजूनही फोन उचलण्याआधी हातमोज्याच्या खोक्यावर चार ओळी खरडते: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. मग तेवढंच वाचून दाखवते. समोरचे वैतागले तर चौथी ओळ परत वाचते.