वीज कंपनीचा नफा कशावर ठरावा?

रानवारा:
वीज वितरण ही मक्तेदारी, म्हणून दर नियामक आयोग ठरवतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्कने १९०७ साली असे आयोग नेमले, तेव्हापासून गणित तेच आहे: वाहिन्या-उपकेंद्रांत घातलेल्या भांडवलावर ठरावीक टक्के परतावा. साहजिकच, जितकं जास्त बांधाल तितकं जास्त कमवाल. अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच हा दोष दाखवला होता. समजा, एखाद्या भागात संध्याकाळी दोन तास वीजमागणी चढते. घराघरांतल्या बॅटऱ्यांवर भागत असलं तरी कंपनी नवं उपकेंद्रच मागणार, कारण परतावा उपकेंद्रावर मिळतो, बॅटऱ्यांवर नाही. हे बदलायलाच हवं. हवाईत २०२१ पासून कंपनीच्या कमाईचा काही भाग कामगिरीशी जोडलाय, त्यात सौर जोडणी किती लवकर दिली हेही बघतात.

हिशेबनीस:
कामगिरी मोजणार कोण? सगळे आकडे कंपनीच्याच हातात. ब्रिटनने २०१३ पासून हीच वाट धरली. सेवा सुधारली, पण २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की लक्ष्यं सोपी आणि खर्चाचे अंदाज सढळ होते, त्यामुळे ग्राहकाला गरजेपेक्षा जास्त भुर्दंड पडला. जुन्या पद्धतीत निदान खर्चाची पावती तरी तपासता येते.

सांजवेळ:
दोघेही कंपनीबद्दलच बोलताय. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला पॅनेल लावायला स्वतःचं छतच नसतं! सौर पॅनेलवाल्याचं बिल शून्यावर येतं, पण खांब-तारांचा खर्च तसाच राहतो आणि तो उरलेल्यांच्या माथी येतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नव्या सौरग्राहकांना जादा वीज कंपनीला दिल्याबद्दल मिळणारा मोबदला कमी केला, तो याच कारणाने. मला तो निर्णय पटतो.

रानवारा:
मला नाही पटत. मोबदला कापला की नवी पॅनेलं बसणंच मंदावतं. त्याच कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो बिलात भरावी लागणारी रक्कम, उत्पन्नानुसार ठरला: सर्वसाधारण ग्राहकाला महिना सुमारे २४ डॉलर, सर्वांत गरिबाला ६, आणि युनिटचा दर उतरला. खांब-तारांचा खर्च असा वाटून घेता येतो.

हिशेबनीस:
पण युनिट स्वस्त झालं की काटकसरीचा फायदाही घटतो. छोट्या घरात मोजकी वीज वापरणारा, पण सवलतीच्या मर्यादेत न बसणारा माणूस यात जास्त भरतो. उत्पन्नाचा पुरावा वीज कंपनीने मागावा, हेही मला मान्य नाही.

सांजवेळ:
मग सवलतीचा भार बिलावर नको, सरकारी तिजोरीवर टाका. कर उत्पन्नाप्रमाणे गोळा होतो, वीजबिल नाही.