अवस, पंचक, संक्रांत : ही नावं मुळातच अशुभ आहेत का?

गिरगावकर : नवीन फ्रिज घेतला. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "काकी, उद्या दुपारी आणतो." आई म्हणाली, "उद्या अवस आहे रे, परवा आण." तो हसून म्हणाला, "लक्ष्मीपूजन अवसेलाच करता ना?" आईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. म्हणून विचारतोय, अमावास्येतला 'अ' हा अमंगळ, अशुभ यांतल्यासारखा नकाराचा आहे का?

मास्तर : नाही. फोड 'अ + मावास्या' अशी नाही, 'अमा + वास्या' अशी आहे. अमा म्हणजे सोबत, एका घरी. वस् म्हणजे राहणे. सूर्य आणि चंद्र एकाच ठिकाणी राहायला येतात ती रात्र. 'अमात्य'मध्येही हाच अमा आहे. अमात्य म्हणजे मुळात घरचा माणूस, पुढे राजाचा मंत्री. शब्दात भीतीचा लवलेशही नाही, उलट बिऱ्हाड आहे.

माहीमकरीण : आणि आपलीच अवस किती लाडाची! आषाढात दिव्यांची, श्रावणात पिठोरी आणि बैलपोळा, आश्विनात लक्ष्मीपूजन. सोमवारी आली तर जेजुरीला यात्रा. माटुंग्याचे आमचे तमिळ शेजारी तर नव्या कामाला अमावास्या चांगली मानतात. भिंत एक, पलीकडे मुहूर्त आणि अलीकडे "आज नको". (आषाढातल्या अवसेला मुंबईत दुसरंही एक नाव आहे. त्या दिवशी कोंबडीवाल्याकडे रांग असते, तिथे कोणी अशुभ म्हणत नाही.)

गिरगावकर : मग भीती आली कुठून?

मास्तर : काळोखातून, आणखी कुठून? विजेच्या आधी अवसेच्या रात्री विहिरीवर जाणं खरंच धोक्याचं होतं. कारण गेलं, सवय राहिली. पण तुमचा प्रश्न शब्दांचा आहे, तर बाकीचेही शब्द बघा. बहुतेक सगळे निव्वळ हिशेबाचे आहेत. पंचक म्हणजे पाचांचा गट. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या पाच नक्षत्रांत चंद्र असतो तो काळ. 'पंचकात गेला' म्हटलं की घरात आणखी चार जातील ही धास्ती, ती पाच या आकड्याला नंतर चिकटली. शनी हा शनैः म्हणजे हळू यावरून, शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. संक्रांत म्हणजे ओलांडणं. सूर्य वर्षातून 12 वेळा राशी ओलांडतो. त्यातल्या एकीला आपण तिळगूळ वाटतो आणि वर्तमानपत्र मथळा देतं, 'फेरीवाल्यांवर संक्रांत'.

वऱ्हाडी, मुक्काम डोंबिवली : संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची किंक्रांत राहिली. तिलाच कर म्हणतात, शुभकार्य करत नाहीत. होळीचीही कर असते. पण आमच्याकडे पोळ्याची कर म्हणजे मटणाचा दिवस. मुंबईत आल्यावर कळलं की कर वाईट असते.

पंचांगवाले काका : साडेसातीचं गणित कोणी मांडलं नाही. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं. मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. म्हणजे 12 पैकी तीन राशींना साडेसाती कायमच चालू. साधारण दर चौथा माणूस. विरार लोकलच्या चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला, बसणारा धरला तर त्याची साडेसाती डोळ्यांनी दिसते.

माहीमकरीण : मंगळ घ्या ना. पत्रिकेत मंगळ म्हटलं की स्थळ परत जातं आणि शब्दाचा अर्थ मात्र शुभ! त्याचंच दुसरं नाव अंगारक, म्हणजे निखारा. आणि मंगळवारी संकष्टी आली की तीच अंगारकी, प्रभादेवीला सिद्धिविनायकाची रांग किती लांब जाते ते सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं, क्रूर ग्रहाला 'मंगळ' म्हणणं हे बांगडी 'वाढवली', दुकान 'वाढवलं', "जाते" ऐवजी "येते" म्हणण्यासारखंच आहे. ज्याची भीती त्याला गोड नाव.

मास्तर : ताई, हे पटलं. एक भर घालतो. आठवड्याचे वार आपल्याकडे तिथी-नक्षत्रांच्या मानाने उशिरा आले. वाराच्या जुन्या कोरीव नोंदींपैकी एक मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातली, इ.स. 484 ची. तो गुरुवार होता. तेव्हा 'मंगळवारी नखं कापू नयेत' याला वेदकाळापर्यंत ओढू नका.

विरारफास्ट : सगळं ठीक. पण वाईट गोष्टी वाईट दिवशीच का घडतात मग? 26 जुलै 2005 घ्या.

मास्तर : घेऊ. मंगळवार. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. अवस होती का? नाही, पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते.

पंचांगवाले काका : चंद्र मीनेत होता. पंचक!

मास्तर : काका, तुम्ही माझंच काम केलंत. अवस नाही तर पंचक, पंचक नाही तर कर, कर नाही तर कोणाच्या तरी राशीचा घातवार. पंचकच महिन्यात साडेचार-पाच दिवस असतं. नावं जितकी जास्त, तितकं कुठलं तरी नाव लागू पडणारच. त्या पंचकातल्या बाकीच्या दिवसांचं कोणी काही सांगतं का? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग मांडला. दाणे ठरावीक वेळाने आपोआप पडत. कबुतर काहीही करो, पडायचेच. तरी आठापैकी सहा कबुतरांनी आपापली खोड धरली. एक गोल फिरायचं, एक मान झटकायचं. दाणे पडले तेव्हा आपण जे करत होतो, त्यानेच पडले असं धरून.

विरारफास्ट : कबुतरखान्यातली तर फिरतच असतात.

वऱ्हाडी, मुक्काम डोंबिवली : गोऱ्यांचा 13 तारखेचा शुक्रवार पण तसाच का?

पंचांगवाले काका : त्याचंही गणित आहे. त्यांच्या कॅलेंडरच्या 400 वर्षांत 13 तारीख सगळ्यांत जास्त वेळा शुक्रवारीच येते, 688 वेळा. पण स्पेनमध्ये शुक्रवार नव्हे, 13 तारखेचा मंगळवार वाईट. आपल्याकडे तेराव्याला गोड जेवण असतं.

माहीमकरीण : गिरगावकर, फ्रिजचं काय झालं?

गिरगावकर : आत्ताच त्या मुलाचा फोन आला होता. "काकी, परवा शनिवार आहे. लोखंड चालेल का?" आई रविवार म्हणाली. रविवारी त्याला सुट्टी.