पूर आल्यावर सरकारी वेबसाइट चालू राहावी म्हणून खर्च करावा का?

बावड्याचा_बाळू
जुलै लागला की आमच्या कोल्हापुरात एकच प्रश्न, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. आता हा आकडा म्हणजे एका ओळीचा मजकूर, तरी कुठल्याही जिल्ह्याचं सरकारी पान उघडून बघा, वर मंत्र्यांचे फोटो, मधे सरकणारी बॅनरं आणि आकडा कुठंय तर खाली पीडीएफमधे, ती पण वाकडी स्कॅन केलेली. नेट रांगत असताना हे उघडणार कसं? माझं म्हणणं, पावसाळ्यात एक साधं पान ठेवा, फोटो नाही काही नाही, नुसती पाणीपातळी, धरणांचा विसर्ग, बंद रस्ते, आणि त्याच्या कॉप्या दोन-तीन ठिकाणच्या सर्व्हरवर.

चिपळूणची_सून
कल्पना छान आहे हो, पण २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडे चिपळूणला लाईट गेलेली आणि मोबाईलला रेंज नव्हती. पान साधं असो नाहीतर सजवलेलं, बघायचं कशावर? तोच पैसा भोंगे, टॉवरचं डिझेल आणि बोटींवर घाला.

बावड्याचा_बाळू
ताई, तुमच्याकडे पाणी काही तासांत चढलं. पंचगंगेचं तसं नसतं, ती सावकाश चढते. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक सुटतं आणि ते शहरापर्यंत यायला वेळ लागतो, त्या वेळात नेट चालू असतं आणि नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीवाल्याला गोठ्यातली जनावरं हलवायची का नाही हे तेव्हाच ठरवायचं असतं, कारण म्हशी काय स्कूटरवर बसवून नेता येत नाहीत.

गावकामगार
अरे मर्दा, वेबसाइट बघून म्हशी कोण हलवतंय! सरपंचाच्या ग्रुपवर मेसेज येतो, देवळाच्या स्पीकरवरनं पुकारतात, झालं. ही सगळी पुण्या-मुंबईतल्या पाहुण्यांची सोय, दर पाच मिनिटाला तेच रिफ्रेश मारत बसतात आणि सर्व्हर झोपवतात.

सर्व्हरवाला
गावकामगार, सरपंचाला आकडा कुठनं मिळतो ते पण सांगा की. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा जुन्या पुराचे व्हिडिओ "आत्ताचे" म्हणून फिरत होते, खात्री करायला एक तरी जागा पाहिजे की नको? आणि पाहुण्यांचं म्हणाल तर साध्या पानाला त्यांचा भार जाणवत पण नाही, तयार पान सगळ्यांना तेच द्यायचंय, प्रत्येकासाठी डेटाबेस खणायचा नाही. दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ ला लागला, साइट कित्येक तास आडवी. तारीख-वेळ आधी जाहीर करून ही गत, पूर तर सांगून पण येत नाही.

चिपळूणची_सून
मग कॉप्यांची भीती वेगळीच. एका कॉपीवर सकाळचा आकडा अडकून पडला आणि कुणी तो बघून घरातच थांबलं तर? त्यापेक्षा बंद पडलेलं पान बरं, निदान माणूस जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १०७७ ला फोन लावेल.

सर्व्हरवाला
हा मुद्दा बिनतोड, मान्य. म्हणून वेळ आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवी, आणि दोन तास नवीन नोंद नाही आली तर पानाने स्वतःच आकडा झाकून "माहिती जुनी आहे, १०७७ वर विचारा" असं दाखवायचं.

गावकामगार
आणि रात्री दोनला ती नोंद भरणार कोण? तो कारकून पण पुरात अडकलेलाच असतोय, त्याचं पण घर हाय. सर्व्हर चार ठेवा नाहीतर चाळीस, आकडा टाकणारा माणूस एकच.

बावड्याचा_बाळू
मग दुसरा माणूस नेमा, तो पण पंचगंगेपासनं लांबच्या तालुक्यातला, गडहिंग्लजला बसून फोनवर आकडा घेऊन टाकेल. बोटीएवढा खर्च तर नाही ना येत त्याला?

चिपळूणची_सून
खर्च नाही येत. पण भोंगा आधी, मी यावरून हटणार नाही.