एक्सटर्नल मॉनिटरवर गेम गचके खातो? लॅपटॉप बदलायच्या आधी पोर्ट बघा

कर्वेनगरकर:
मंडळी, मावसभावाने २७ इंची १४४०पी (म्हणजे नेहमीच्या १०८०पी पेक्षा जास्त पिक्सेलचा) मॉनिटर घेतला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मस्त चालणारा गेम त्यावर गचके खायला लागला, तर एका दुकानदाराने सरळ सांगितलं की ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, लॅपटॉपच बदला. इंजिनिअरिंगचं पोरगं, घरी पैसे मागायच्या तयारीत होतं, म्हणून हे कळकळीने लिहितोय. मी जाऊन बघितलं तर मॉनिटर यूएसबी-सी पोर्टला लावलेला आणि ते पोर्ट आतून इंटेलच्या इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमधल्याच, ग्राफिक्सला जोडलेलं. म्हणजे फ्रेम बनवणार एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, मग ती कॉपी होऊन इंटेलकडे जाणार आणि तिथून मॉनिटरला. २०१० मध्ये ऑप्टिमस, म्हणजे ह्या दोन ग्राफिक्समध्ये काम वाटणारं एनव्हिडियाचं तंत्र, आलं ते बॅटरी वाचवायला, चार्जर लावून खेळणाऱ्याला त्याचा काय उपयोग? एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान उघडा, कुठला डिस्प्ले कुठल्या जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) लागलाय ते तिथे चित्रातच दिसतं. त्याचं एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाखाली निघालं, केबल तिकडे लावली, गचके बंद.

पेठेतला:
नाही पटलं. केबल इकडची तिकडे लावून पिक्सेल कमी होत नाहीत हो. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, जवळजवळ पावणेदोनपट. ४के तर चौपट. त्यात चार जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) असेल तर अल्ट्रा टेक्स्चर विसराच. दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही, फक्त उपाय महागडा सांगितला. डीएलएसएस किंवा एफएसआर (गेम कमी पिक्सेलमध्ये बनवून मोठा करून दाखवणारी सोय) लावा, सेटिंग मीडियमवर आणा, विषय संपला.

कर्वेनगरकर:
अहो पण त्याच मॉनिटरवर गेम १०८०पी ला लावून बघितला ना आधी, तरी गचके तसेच! पिक्सेल जास्त झाले की एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) एकसारखा खाली येतो, हे मान्य. पण एफपीएस बरा दिसतोय आणि कॅमेरा फिरवला की चित्र तुटक हलतंय, हा प्रकार वेगळा आहे. लोक दोन्हीला लॅगच म्हणतात आणि मग ज्याची गरज नाही ते विकत घेतात.

वारजे गेमर:
दोघंही गरमीबद्दल काहीच बोलत नाही आहात राव. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि मॉनिटर लावला की पोरं लॅपटॉपचं झाकण बंद करून भिंतीला चिकटवून ठेवतात. कित्येक मॉडेलची गरम हवा बिजागरीकडून मागे जाते, काही कीबोर्डच्या फटीतूनही हवा ओढतात. झाकण उघडं ठेवा, मागून उचलून ठेवा, टेम्परेचर बघत खेळा. आणि ६५ वॅटच्या डॉकवर (यूएसबी-सीने लागणाऱ्या जोड-डब्यावर) चार्जिंग करून गेमिंग करत असाल तर तिथेच बोंब, गेमिंग लॅपटॉपचे स्वतःचे चार्जर बऱ्याचदा १८० ते २३० वॅटचे असतात, तोच लावा.

तापकीर गल्ली फॅन:
विंडोज कधीकधी नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) ठेवतं, मॉनिटर जास्तचा असला तरी. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून बघा. आणि एचडीएमआय १.४ वर १४४०पी ला १४४ हर्ट्झ मिळत नाही, २.० लागतं. तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) केबल घेताना नीट विचारून घ्या.

पेठेतला:
बरं, पण ज्यांच्या लॅपटॉपची दोन्ही पोर्टं इंटिग्रेटेडलाच जोडलेली आहेत त्यांनी काय करायचं? असे लॅपटॉप भरपूर आहेत. त्यांना पोर्ट बघा सांगून काय फायदा?

कर्वेनगरकर:
मक्स स्विच, म्हणजे डिस्प्ले कुठल्या जीपीयूला जोडायचा ते बदलणारा स्विच, आहे का ते बघायचं. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो, तिथून डिस्क्रीट (फक्त वेगळं ग्राफिक्स कार्ड) मोड करून रीस्टार्ट करायचं. तो नसेल तर मात्र तुम्ही म्हणता तसं सेटिंग उतरवणं आलं. पुढचा लॅपटॉप घेताना रॅम, एसएसडी विचारता तसंच एचडीएमआय कुठल्या जीपीयूला आहे हेही विचारा, बऱ्याच दुकानांत उत्तर येत नाही, तरी विचारा.

पेठेतला:
विचारू. पण चार जीबीच्या कार्डावर १४४०पी अल्ट्रा कुठल्याच पोर्टमधून नीट चालणार नाही, ह्यावर मी ठाम आहे.