ट्रेलरला सोलर की जनरेटर? माझं मत: सोलरच

वाटसरू (कोथरूड)
भोसरीत आमचा १२ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची मुक्कामाची खोली, बांधून घेतोय. सांगाडा उभा राहिलाय, पत्रा चढायच्या आत विजेचं ठरवायचंय. ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घे आणि मोकळा हो. मला ते अजिबात पटत नाही. पवना, पानशेत, भिगवण, दिवेआगर अशा आपल्या नेहमीच्या मुक्कामांना सोलर पुरतो.

हिशोब मांडतो. ४० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण अर्धं युनिट खातो. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, मोबाइल, लॅपटॉप मिळून आणखी ०.३५. म्हणजे एक युनिटसुद्धा होत नाही. छतावर २०० वॉटची दोन पॅनेल बसवली आणि पाऊस सोडून इतर महिन्यांत पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं, तर दोन युनिटं होतात. आडवं पॅनेल, तापलेलं छप्पर, धूळ, वायरिंग यांचे ३० टक्के कापले तरी १.४ युनिट हातात राहतं. १५० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १.९ युनिट. मधला एखादा दिवस ढगाळ गेला तरी फ्रिज बंद पडत नाही.

आणि आवाजाचं काय? ‘सायलेंट’ म्हणून विकला जाणारा जनरेटरसुद्धा सात मीटरवर ५५-६० डेसिबल आवाज करतो. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ आहे. भिगवणला लोक पहाटे उठून रोहित पक्षी बघायला आलेले असतात, त्यांच्या शेजारी रात्रभर इंजिन चालवायचं? मला हे चुकीचं वाटतं.

घाटवाट (सहकारनगर)
दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात एसी धरलेलाच नाही. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. मे महिन्यात दिवेआगरला पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली त्यांना झोपवून दाखवा. पुढच्या वेळी त्या येणारच नाहीत, आणि त्यांना घरी ठेवून मला फिरायचं नाहीये.

एक टनाचा एसी चालू असताना १.१ किलोवॉटच्या आसपास घेतो. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो हे धरूनही रात्रीला ५-६ युनिटं लागतात. म्हणजे तुमच्या बॅटरीसारख्या तीन बॅटऱ्या आणि १५००-१६०० वॉटची पॅनेल. २०० वॉटचं एक पॅनेल ११ चौरस फूट जागा खातं. तुमचं छत १२ बाय ६, म्हणजे ७२. त्यातच हवेचा झरोका. आठ पॅनेल बसवणार कुठे? जनरेटर तेच काम रात्रीला पाचेक लिटर पेट्रोलमध्ये करतो.

शिवाय पावसाळा तुम्ही एका वाक्यात बाजूला सारलात. पुणेकर सर्वात जास्त बाहेर पडतो तो जुलै-ऑगस्टमध्येच! ताम्हिणीत धुकं उतरलं की दिवसचे दिवस ऊन नसतं. तेव्हा तुमच्या १.४ चं पाव युनिट झालं तरी खूप.

लोहगावकर
ताई, सासूबाईंसाठीच सांगतो. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दार-खिडक्या लावून आत झोपायचं, एसी चालू, बाहेर जनरेटर, आणि रात्रीत वारा फिरला तर धूर फटींतून आत येतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी झोपेच्या वेळी जनरेटर लावायच्या पूर्ण विरोधात आहे.

घाटवाट
म्हणून आमचा जनरेटर २० फुटांवर, धुराचं तोंड पलीकडे करून असतो आणि आत उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. अलार्मशिवाय कुणीच लावू नये, हे मान्य. पण काळजी घेऊन वापरणं आणि वापरूच नये म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तपकीर गल्ली
मी वायरिंगची कामं करतो. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करणारा भाग, दोघेही विसरलात. ट्रेलरच्या बॅटरीजवळ ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, गाडी चालताना तो त्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरतो. तासाला ०.३५ ते ०.४ युनिट मिळतं. ताम्हिणीमार्गे दिवेआगरला चार-साडेचार तास लागतात. पोचेपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते, बाहेर कितीही पाऊस असो. फक्त टेललाइटच्या सॉकेटमधल्या बारीक वायरीतून हे होणार नाही. गाडीच्या बॅटरीपासून फ्यूज टाकून वेगळी जाड केबल ओढा, २५ स्क्वेअर एमएमची.

सोलरवाल्यांना आणखी एक. मुक्कामाला पोचलं की प्रत्येक जण ट्रेलर झाडाखाली लावतो, लावायलाच हवा. पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज निम्म्याने वगैरे पडते. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली असतील तर एकाची सावली दुसऱ्यालाही भोवते. म्हणून एक पॅनेल छतावर, दुसरं सुटं, १० मीटर केबलसह. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात.

वाटसरू
सुटं पॅनेल आणि डीसी-डीसी चार्जर, दोन्ही घेतो. पावसाळ्याचा मुद्दा त्याने बऱ्यापैकी सुटतो, एका जागी तीन-तीन दिवस ठाण मांडलं नाही तर.

एसीबद्दल मात्र मी हटत नाही. ताई, मे महिन्यात एसी हवाच असेल तर जिथे १५ अँपिअरचा प्लग मिळतो अशाच ठिकाणी मुक्काम करावा. राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणातही वीज-पाण्याची सोय असलेल्या पार्कांचीच कल्पना आहे. कोकणात घरगुती निवासवाले अंगणात जागा आणि प्लग देतात, पैसे घेतात, दोघांची सोय होते. आणि जनरेटर घेतला की पेट्रोलही वाहावं लागतं. पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये देत नाहीत. उरलेलं पेट्रोल दोन-तीन महिने टाकीत राहिलं की कार्ब्युरेटर चोंदतो, इथेनॉलमुळे ओल धरते ते वेगळंच.

घाटवाट
टाकी रिकामी करून ठेवायची, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि मे महिन्याच्या शनिवार-रविवारी दिवेआगरला अंगण रिकामं मिळतं का, ते फोन करून बघा.

पत्रा चढायच्या आधी पुढच्या दांड्यावर जनरेटरचा ब्रॅकेट वेल्ड करून ठेवा. आज फॅब्रिकेटर सहज करून देईल. नंतर तयार चासीला वेल्डिंग लावायचं म्हणजे रंग, वायरिंग सगळं उघडावं लागेल.

वाटसरू
ब्रॅकेट नाही. २०-२२ किलोचा जनरेटर तिथे आला की कपलिंगवरचा (ट्रेलर गाडीला जिथे जोडतो त्या जोडावरचा) भार तेवढाच वाढतो, आणि ते वजन मला सुट्या पॅनेलच्या पेटीसाठी ठेवायचंय. बाहेरून वीज घ्यायला १५ अँपिअरचा झाकणवाला इनलेट मात्र बसवतोय. तुमचा जनरेटर शेजारी आलाच तर त्यालाही चालेल, फक्त रात्री १० पर्यंत.